शिळ्याचा अभिमान नको, विवेक हवा

रात्रीची जेवणे आटोपली आणि पातेल्यात दोन वाट्या भात उरला, हे चित्र कोणत्याही मराठी घराला नवे नाही. पातेल्यावर झाकण पडते, पातेले ओट्यावरच राहते आणि सकाळी कांदा-मिरचीची फोडणी घेऊन तोच भात न्याहारीला येतो. यात लिहिण्यासारखे ते काय, असे वाचकांना वाटेल. परंतु अलीकडे या शिळ्या अन्नाभोवती एक विचित्र अभिमान उभा राहिला आहे. शिळी पोळी अमुक व्याधीवर रामबाण, शिळा भात म्हणजे अमृत, आपले पूर्वज हेच खाऊन शतायुषी झाले, असे संदेश भ्रमणध्वनीवरून रोज फिरत असतात. कोणी शंका काढलीच, तर त्याला परंपरेचा द्रोही ठरवून गप्प केले जाते.

पूर्वजांचे नाव घ्यायचे, तर पूर्वज काय करीत होते हे आधी नीट पाहावे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेले अन्न, तामस आहारात गणले आहे. जैन परंपरा त्याहून काटेकोर आहे. ओलावा असलेले शिजवलेले अन्न रात्र ओलांडले की ती ते वर्ज्य मानते, पण कोरडा खाखरा तिला चालतो. आपल्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या शिदोरीत दशमी बांधून देत, वरणभात नव्हे. संक्रांतीची गुळपोळी कित्येक दिवस टिकते, आणि उन्हाळ्यात रात्रीचे वरण सकाळीच आंबूस येते, हे ज्ञान प्रत्येक आजीपाशी होते. ओलावा जितका अधिक तितके अन्न लवकर विटते, हा नियम तिने ग्रंथात नव्हे, चुलीपाशी शिकलेला होता.

मग शेतकऱ्याची शिळी भाकरी? ती तव्यावर आणि विस्तवावर खरपूस भाजलेली, वाफ निघून गेलेली असे. पातेल्यात दडपून ठेवलेल्या ओल्या भाताशी तिची तुलना होऊच शकत नाही. ओडिशातील पखाळ आणि बंगालमधील पांता भात यांचे दाखले नेहमी दिले जातात. तेथे भात पाण्यात बुडवून जाणीवपूर्वक आंबवला जातो. त्यात वाढणारे आम्ल अनेक घातक जिवाणूंना आवर घालते. आंबवणे ही एक क्रिया आहे, आणि विसरणे हा निष्काळजीपणा आहे. दोहोंना परंपरा या एकाच नावाखाली आणणे हा परंपरेचा सन्मान नव्हे, तिचे विडंबन आहे.

‘सकाळी कडकडीत गरम केले की सगळे मरते,’ हा दुसरा लाडका युक्तिवाद. शिळ्या कढीला ऊत आणण्याचाच हा प्रकार! तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि वाढू लागतात. अनुकूल उष्णतेत काही जिवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतात. या गतीने एका जिवाणूचे आठ तासांत दीड कोटीहून अधिक होतात. यातील काही जिवाणू भातात एक विष सोडतात. पुन्हा गरम केल्याने जिवाणू मरतीलही, पण ते विष उकळूनही नष्ट होत नाही. वाढणाऱ्याच्या हातावरून अन्नात उतरणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचीही कथा तीच. शिवाय अशा अन्नाला वास येईलच, तार सुटेलच, असेही नाही. नाक आणि जीभ येथे निर्दोष साक्षीदार नाहीत.

१९७०च्या दशकात ब्रिटनमधील चिनी उपाहारगृहांत फ्राइड राइस खाऊन अनेकांना उलट्यांनी ग्रासले. तपासात आढळले की भात मोठ्या प्रमाणात शिजवून तो बाहेरच ठेवला जाई आणि मागणी येताच कढईत परतून दिला जाई. वाचकहो, आपला फोडणीचा भात याहून वेगळा कोठे आहे? २००८ साली ब्रुसेल्समध्ये पाच दिवस बाहेर राहिलेली स्पॅगेटी गरम करून खाल्लेला वीस वर्षांचा विद्यार्थी दुसऱ्या दिवसाची सकाळ पाहू शकला नाही. असे मृत्यू अत्यंत विरळ असतात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बहुतेकांचा त्रास एका दिवसात ओसरतो. म्हणूनच आपण त्याला ‘पित्त झाले’, ‘बाधले’, ‘दृष्ट लागली’ अशी नावे देऊन मोकळे होतो आणि वर अभिमानाने सांगतो, ‘आम्हाला कधी काही झाले नाही!’ परंतु लहान मूल, वृद्ध किंवा गर्भवती यांच्यासाठी तोच त्रास किरकोळ राहत नाही.

शिळ्या भातातील काही पिष्ट पचनास जड होते आणि साखर सावकाश वाढते, असा शास्त्रीय आधारही पुढे केला जातो. त्यात तथ्य आहे. पण तो परिणाम भात थंड होण्याचा आहे, ओट्यावर राहण्याचा नव्हे. शीतकपाटातल्या भातातही तो घडतो. अर्धे विज्ञान सांगून अर्धे लपवणे याला स्वदेशीचा अभिमान म्हणता येत नाही.

आणि आता खरा प्रश्न. घरातले शिळे खाते कोण? पाहुण्याला आपण ते वाढत नाही, मुलाच्या डब्यात देत नाही. ते खाते घरातली आई, ‘टाकवत नाही’ म्हणत. नाही तर ते घरकामाच्या बाईच्या हाती दिले जाते, आणि देताना दानाचे समाधानही मिळवले जाते. जे अन्न आपल्या नातवाला देण्याचे धाडस होत नाही, ते दुसऱ्याच्या नातवाला देणे हा धर्म कोणता? उत्सवात, भंडाऱ्यात, शिबिरात उरलेला भात सकाळी वस्तीवर पाठवणाऱ्या कार्यकर्त्यांनीही स्वतःला हाच प्रश्न विचारावा. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्याने ते वाया घालवू नये हे खरेच. पण अन्न वाचवण्याची वेळ रात्रीची असते, सकाळची नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली प्रसृत केलेली सूत्रे सोपी आहेत. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. गरम ठेवायचे तर साठ अंशांच्या वर, थंड ठेवायचे तर पाच अंशांच्या खाली. वैशाखातील मुंबईची रात्र या दोन्हींच्या बरोबर मध्ये येते. उरलेला भात पसरट ताटात मोकळा करून लवकर निववावा, झाकून शीतकपाटात ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. पातेलेच्या पातेले आत ढकलून भागत नाही, कारण त्याचा गाभा कित्येक तास कोमटच राहतो. ज्या घरी शीतकपाट नाही, त्या घरी पसाभर तांदूळ कमी घ्यावेत.

मापून शिजवावे, उरलेच तर रात्रीच सांभाळावे किंवा रात्रीच वाटावे, आणि रात्रभर बाहेर राहिलेला ओला घास कोणाच्याही ताटात वाढू नये. आपल्या आजीचे खरे शहाणपण हेच होते. तिचा वारसा सांगायचा असेल, तर तो आज रात्री, ओटा पुसण्यापूर्वी सिद्ध करावा.