घरट्याचा फोटो नको

उन्हाळा लागला की घरच्या ग्रुपवर फोटो यायला सुरुवात होते. कुणाच्या गॅलरीतल्या कुंडीत बुलबुलाचं घरटं, कुणाच्या कढीपत्त्यावर. चोची वासून बसलेली गुलाबी पिल्लं, अगदी डोक्यावरून काढलेली, बरेचदा फ्लॅश मारून. खाली बदामांचा पाऊस. मी काही लिहिलं नाही की मावशीचा हमखास प्रश्न, "तुला नाही का गं आवडला फोटो?"

नाही आवडला, मावशी. का ते इथे लिहिते, ग्रुपवर एवढं कोण वाचणार!

बुलबुल साधारण दोन-तीन अंडी घालतो. ती उबायला दोन आठवडे, आणि पिल्लं घरट्याबाहेर पडायला जवळजवळ तेवढेच दिवस. म्हणजे सगळा संसार महिन्याभराचा. एवढ्या काळात त्या वाटीएवढ्या घरट्याला एकच संरक्षण असतं, ते म्हणजे न दिसणं. आपण फांदी बाजूला करून मोबाइल आत घालतो, आई तारेवर जाऊन ओरडत बसते, आणि कावळा शांतपणे हे सगळं बघतो. त्याला पत्ता शोधावा लागत नाही, आपणच देतो. भारद्वाज दिसणं आपण शुभ मानतो, पण अंडी-पिल्लं मटकावण्यात तोही मागे नाही. (हे आमच्या आजीसमोर बोलायची सोय नाही.) शिवाय एप्रिलच्या उन्हात आई उठली की पिल्लांवरची सावलीही उठते.

बहुतेकांना माहीत नसतं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत जंगली पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही येतं. मोबाइलवाल्या मावशीला कुणी पकडायला येणार नाही, हे खरं. तरी शब्द कोणता वापरलाय बघा.

पिल्लाला माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही समजूत मात्र खोटी. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू जमिनीवर दिसलं तर ते बहुधा उडायलाच शिकत असतं. मांजर आसपास असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावं आणि आत निघून यावं. खोका, कापूस, दूध-भात यातलं काहीही करू नये.

मग परसात फोटो काढायचे तरी कशाचे? अहो, एवढं आहे! शिंपी कोळिष्टकं गोळा करताना पाहिलाय? पानाच्या कडेला चोचीने भोकं पाडून तो त्यांतून धागे ओवतो. त्याचं घरटं सोडा, पण चोचीत कापसाचा पुंजका धरून कुंपणावर बसलेला शिंपी स्वयंपाकघराच्या खिडकीतून छान मिळतो. सूर्यपक्ष्याचा नर गाडीच्या आरशातल्या स्वतःशीच भांडत असतो. दयाळ पहाटे उंच जागा धरून गातो. मातीच्या उथळ पसरट भांड्यात पाणी ठेवा, ते रोज बदला (डास होतात), आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढून बसा. दुपारी बुलबुल आंघोळीला आले की शटर एक हजारांश सेकंदावर ठेवूनही थेंब सुटतात हातातून. पण मजा येते. खिडकीत आपण हललो नाही तर पक्ष्याच्या लेखी आपण नसतोच.

आणि फोटो नसला तरी नोंद असतेच की. परसातले पक्षी मोजण्याचा एक जागतिक उपक्रम दर फेब्रुवारीत चार दिवस चालतो. अमेरिकेत तो १९९८ साली सुरू झाला, २०१३ पासून भारतातूनही नोंदी जातात. निदान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि दिसले ते पक्षी संख्येसह लिहायचे. त्यात कावळाही चालतो, कबुतरही चालतं. मावशीच्या गॅलरीतून सहज आठ-दहा जाती होतील. यंदा मी तिला वही घेऊन बसवणार आहे.

जाता जाता एक. आमच्याकडे सूर्यपक्षी जास्वंदीपेक्षा केळफुलावर जास्त येतो. तुमच्याकडे कशावर येतो, जरूर कळवा.