नस म्हणजे शीर की चेता?

"नस दबली" आणि "सुई लावायला नस सापडेना" ही दोन्ही वाक्यं आपण घरात ऐकतो. पहिलीतली नस म्हणजे चेता, निरोप नेणारी. दुसरीतली म्हणजे शीर, रक्त नेणारी. (आणि रात्री पोटरीत "नस चढते" तेव्हा बहुतेकदा दोन्ही नसतात, तो स्नायूचा गोळा असतो!)

उत्तरपत्रिकेत असा घोळ दिसला की आम्ही शिक्षक लाल रेघ मारतो. मारायलाच हवी. पण रेघ मारून थांबणं मला पटत नाही. बहुतेक बरगड्यांच्या खालच्या कडेला एका खोबणीत शीर, धमनी आणि चेता सोबतच जातात. पुस्तकात मात्र रक्ताभिसरण एका पाठात आणि चेतासंस्था दुसऱ्या पाठात. एकीचा दुसरीशी काही संबंध आहे, हे मुलांना कळणार कसं?

संबंध साधा नाही. चेतेला प्राणवायू आणि अन्न पुरवतात तिच्या आवरणातल्या बारीक रक्तवाहिन्या. उलट धमनीच्या भिंतीतले स्नायू किती आवळायचे, हे चेता ठरवते. 1850 च्या दशकात क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या मानेतली एक चेता कापली, तर त्या बाजूचा कान गरम झाला. आवळून धरणारं कुणी उरलं नाही, म्हणून रक्तवाहिन्या सैलावल्या आणि कानात जास्त रक्त आलं.

हे सगळं मला पाठ होतं. तरी माझे वडील एकदा देवळातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले, तेव्हा आम्ही हसलो. दुसरी वाटेत गळून पडली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मधुमेह जुना होता. पण "साखर रक्तात, पायाचा काय संबंध?" असं विज्ञानाचा शिक्षक असून मीच म्हणालो. पुढे टाचेची जखम चिघळली, तेव्हा डोळे उघडले. वाढलेली साखर चेतांना इजा करते, शिवाय त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्याही बिघडवते. सगळ्यात लांब चेता तळपायाच्या, म्हणून बहुधा बधिरपणा तिथून सुरू होतो. लागलेलं कळत नाही, आणि रक्त कमी पोचत असेल तर ते भरतही नाही.

म्हणून माझ्या वर्गात आता हे दोन पाठ मी लागोपाठ घेतो आणि गृहपाठ एकच देतो. तुम्हीही करा. घरात कुणाला मधुमेह असेल, तर आज संध्याकाळी त्यांचे तळपाय उजेडात नीट बघा. बोटांच्या बेचक्यासुद्धा.