मेमो कुणाला द्यायचा?



गेल्या महिन्यात मला मेमो मिळाला. वीस वर्षांच्या नोकरीतला पहिलाच. कारण लिहिले होते, 'निष्काळजीपणा'.

झाले ते असे. सत्तरी ओलांडलेली एक आजी दोन बस बदलून दाखल्यासाठी आली. मी तिचा अर्ज संगणकात भरला, बटण दाबले. पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली, 'अर्ज यशस्वी'. सोमवारी या म्हणून सांगितले. सोमवारी बघतो तर अर्जाचा पत्ताच नाही! त्या हिरव्या अक्षरांचा अर्थ इतकाच होता, की बटण दाबले गेले. अर्ज साठवला गेला की नाही, हे ती अक्षरे सांगतच नव्हती. "बाबा, जालें म्हूण तुवेंच सांगिल्लें न्हय?" आजी म्हणाली. मी मान खाली घातली.

हा घोटाळा काही नवा नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक झडप उघडीच अडकली. पण नियंत्रण कक्षातला तिचा दिवा विझलेला. झडप बंद करण्याचा हुकूम सुटला, एवढेच तो दिवा सांगत होता. ती खरोखर बंद झाली का, हे दाखवण्याची सोय नव्हती. पाणी वाहत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा काही अंशी वितळला.

त्याआधीची गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. बी-१७ विमानाचे वैमानिक उतरल्यावर पंखांचे फ्लॅप मिटायला जात आणि चुकून चाकेच आत ओढून घेत. ठपका अर्थातच वैमानिकावर. अल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच! त्याने एकाला छोटे चाक बसवले, दुसऱ्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. कुणाला मेमो द्यावा लागला नाही.

माणूस काम नेमके कसे करतो, कोणत्या पायरीवर काय बघतो, कुठे अडतो, हे आधी मांडून मग यंत्र घडवायचे, याला 'टास्क अ‍ॅनालिसिस' म्हणतात. ॲनेट आणि डंकन यांनी १९६७ साली त्याची पद्धतशीर मांडणी केली. कामाचा हेतू, त्याची पोटकामे, त्यांचा क्रम, आणि चूक झालीच तर ती किती महागात पडेल, याचा हिशेब. मी कला शाखेचा पदवीधर, पण एवढे मलाही समजते.

आमच्याकडे काय होते? कार्यक्रम बनवणारे येतात, साहेबांच्या वातानुकूलित खोलीत बसतात, साहेबांना विचारून जातात. साहेबांनी खिडकीवर बसून शेवटचा अर्ज कधी घेतला होता? मग कारकुनांना दोन दिवसांचे 'प्रशिक्षण'. म्हणजे जोडा चावतो म्हणून पायालाच वळण लावायचे!

माझ्या टेबलावर एक वही आहे. संगणक विसरतो ते मी तिच्यात लिहितो. त्या मेमोनंतर तर प्रत्येक अर्ज पुन्हा उघडून बघतो आणि मगच खूण करतो. कार्यक्रम बनवणाऱ्याने एक दिवस माझ्या शेजारी बसून ती वही चाळली असती, तर आजीची खेप वाचली असती.

मेमोचे उत्तर मी दिले आहे. सोबत वहीची चार पाने जोडली आहेत. ती कुणी वाचेल, अशी आशा फारशी नाही. असो. पण 'चूक माझी' असे मी त्यात लिहिलेले नाही.