सुटे भाग, सुटलेली जबाबदारी

मोटारीत बसलेल्या माणसाने सीट बेल्ट बांधला नाही, तर धोक्याची घंटी वाजते. ही घंटी मुकी करणाऱ्या छोट्या क्लिपा ऑनलाइन बाजारपेठांवर राजरोस विकल्या जात होत्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच मोठ्या बाजारपेठांविरुद्ध आदेश काढले आणि या कारवाईमुळे क्लिपांच्या विक्रीच्या सुमारे १३,११८ नोंदी हटविल्या गेल्या. या क्लिपा बनावट नव्हत्या. तरीही त्या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. आपल्या मांडवात काय विकले जाते हे पाहण्याची तसदी बाजार भरविणारे आपण होऊन घेत नाहीत. सरकारने दटावले, की मात्र हजारो नोंदी काढून टाकणे त्यांना मुळीच अवघड जात नाही. मोटारींच्या बनावट सुट्या भागांचा विचार करताना हा अनुभव ध्यानात ठेवला पाहिजे.

प्रथम बनावट कशाला म्हणायचे, हे ठरवावे लागेल. मोटार कंपनी आपल्या गाडीचे बहुतेक भाग स्वतः बनवीत नाही. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक अशा ठिकाणचे कारखाने ते बनवून तिला पुरवितात. हे भाग मोटार कंपनीच्या वेष्टनात आले, की ‘कंपनीचे’ ठरतात. पुरवठादाराच्या स्वतःच्या नावाने आले, तर बहुधा स्वस्त मिळतात. याखेरीज इतर कारखानदार आपापल्या नावाने पर्यायी भाग विकतात. ते चांगले असतील वा सुमार असतील, पण त्यात फसवणूक नाही. फसवणूक सुरू होते, ती दुसऱ्याचे नाव, चिन्ह आणि वेष्टन चोरले जाते तेथे. बोलण्यात ‘लोकल’ आणि ‘डुप्लिकेट’ हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. त्यामुळे प्रामाणिक लहान कारखानदार विनाकारण बदनाम होतो आणि खरा लबाड त्या गर्दीत लपून जातो.

या लबाडीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. निकृष्ट ऑइल फिल्टरच्या डब्यात कागदाच्या घड्या कमी असतात. तेल नीट गाळले जात नाही आणि इंजिन हळूहळू झिजते. ब्रेक पॅडचे मिश्रण हलके असेल, तर घाटात तापल्यावर त्याची पकड सुटते. बाहेरून दोन्ही वस्तू अस्सल मालासारख्याच दिसतात. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१२ मध्ये बनावट एअरबॅगांची चाचणी घेतली, तेव्हा काही उघडल्याच नाहीत, तर काहींतून धातूचे तुकडे उडाले. जुलै २०२४ मध्ये त्याच प्रशासनाला पुन्हा इशारा द्यावा लागला. पूर्वी अपघातात सापडलेल्या गाड्यांत बदली म्हणून बसविलेल्या स्वस्त, सदोष एअरबॅगांमुळे तिघांचा मृत्यू झाला होता. जुनी गाडी घेणाऱ्या नोकरदाराने याचा बोध घ्यावा.

हाताची पारख गेली

पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या बाजारातही नकली माल मिळत नसे असे नाही. परंतु तेथे गिऱ्हाईक जुना भाग सोबत नेत असे, नव्याशी ताडून पाहत असे, वजन हातात तोलत असे. मेस्त्रीची नजर बरोबर असे, आणि मुख्य म्हणजे दुकानदार दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यात बसलेला सापडे. पडद्यावरच्या बाजारात यातले काहीच उरत नाही. तेथे दिसते ते चित्र अस्सल वस्तूचे असू शकते आणि घरी येते ती वस्तू दुसरीच असू शकते. म्हणून ऑनलाइन खरेदीत वस्तूची पारख करण्याआधी विक्रेत्याची पारख करावी लागते.

ती कशी करावी? बाजारपेठेचे नाव म्हणजे विक्रेत्याचे नाव नव्हे. विक्रेता कोण आणि त्याचा पत्ता कोठला, हे स्वतंत्रपणे वाचावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार हा तपशील देणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे. मोटार कंपनी स्वतः विकते काय किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत हे नाव आहे काय, ते पाहावे. भागाचा क्रमांक जुन्या भागाशी आणि कंपनीच्या सूचीशी जुळवावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असली पाहिजे. पुसट छपाई, चुकलेले स्पेलिंग आणि अविश्वसनीय सवलत ही धोक्याची चिन्हे होत. क्यूआर चिन्हावर मात्र विसंबू नये. ज्याला वेष्टनाची नक्कल जमते, त्याला तेही छापता येते. ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन पडताळावे. जीएसटी क्रमांकाचे बिल जपून ठेवावे आणि शंका असल्यास भाग बसविण्याआधी परत करावा. ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांचे भाग तर अनोळखी विक्रेत्याकडून घेऊच नयेत.

कायद्यातील पळवाट

परंतु एवढी सारी दक्षता एखाद्या शिक्षकाने किंवा कारकुनाने घ्यावी आणि ज्याच्या मांडवात हा व्यवहार होतो त्याने कमिशन घेऊन स्वस्थ बसावे, ही वाटणी न्याय्य नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात नकली चिन्ह वापरणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. पण झडती घेण्यापूर्वी पोलिसांना व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घ्यावे लागते. तेवढ्या अवधीत विक्रेता नवे नाव धारण करतो. बाजारपेठांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चे ‘मध्यस्थ’ म्हणून संरक्षण मिळते. २०२० चे नियम तर एका हाताने देतात आणि दुसऱ्या हाताने काढून घेतात. असा माल पुन्हा पुन्हा विकणाऱ्यांची नोंद ठेवा, असे ते बाजारपेठांना सांगतात. आणि लगेच, अशा विक्रेत्याला काढून टाकलेच पाहिजे असे नाही, अशी सूटही देतात. ज्याला गुन्हेगार म्हणून वहीत मांडले, त्यालाच दुकान चालू ठेवू देणारा नियम ग्राहकाचे रक्षण कसे करणार?

मोटार कंपन्यांनाही या प्रश्नात निर्दोष म्हणता येणार नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात आणि स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न देणे, हा त्यांच्यावरील ठपका होता. या आदेशावर पुढे अपिले झाली, पण आयोगाने बोट ठेवलेली व्यथा खरीच होती. अस्सल माल दुर्मीळ आणि महाग ठेवला, की नकली मालाला गिऱ्हाईक आपोआप मिळते. कंपन्या एकीकडे ‘अस्सलच घ्या’ असा उपदेश करतात. त्यांनी तो माल कोपऱ्यावरच्या मेस्त्रीलाही वाजवी दरात मिळेल अशी व्यवस्था करावयास नको काय?

उपाय अगदी दुर्घट नाहीत. सुरक्षेशी संबंधित भाग विकणाऱ्याकडे उत्पादकाचे अधिकारपत्र असल्याखेरीज बाजारपेठेने त्याला जागा देऊ नये. दोनदा पकडलेला विक्रेता हटविणे सक्तीचे करावे आणि त्यानंतरही त्याचा माल विकला गेल्यास भरपाई बाजारपेठेने द्यावी. ग्राहकांनीही गप्प न बसता १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. कारण तक्रारी आल्याखेरीज प्राधिकरणाला जाग येत नाही. तेरा हजार नोंदी हटविता आल्या, म्हणजे साधन हातात आहेच. ते क्लिपांपुरते न ठेवता ब्रेकपर्यंत नेण्याची इच्छा सरकारने आता दाखविली पाहिजे.