मुदत सरली, ऋण उरले

हातउसने दिलेले पैसे परत आले नाहीत आणि तीन वर्षांत दावाही दाखल झाला नाही, तर धनकोला न्यायालयाचे दार बंद होते. १९६३च्या मुदतीच्या कायद्याचा हा सर्वसाधारण नियम आहे. ऋणकोने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी असा दावा फेटाळणे न्यायाधीशावर बंधनकारक आहे. (शासनाला मात्र स्वतःच्या दाव्यांसाठी तीस वर्षे!) तथापि, मुदत सरली म्हणून कर्ज नाहीसे होत नाही, खुंटतो तो केवळ वसुलीचा न्यायालयीन मार्ग.

आपल्या धर्मशास्त्राने ऋणाला कालमर्यादा घातली नाही. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हीच धर्माज्ञा. मर्यादा होती ती व्याजाला. एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असू नये, हा दामदुप्पटीचा नियम. धनकोचा हक्क आणि ऋणकोचे जीवित, दोहोंची चिंता त्यात होती.

इंग्रजी राज्याने १८५९मध्ये साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. वरकरणी ही ऋणकोवर दया. प्रत्यक्षात दख्खनच्या कुणब्याला ती गळफास ठरली. मुदत संपत आली की सावकार त्याला बोलावी, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी आणि नव्या खतावर अंगठा घेई. कालचे व्याजच आज मुद्दल झाल्यावर दामदुप्पटीचा बांध टिकणार कसा? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू होऊन गावोगाव पसरलेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतेच हिसकावून जाळली, ती उगाच नव्हे. अखेर १८७९च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने शेतकऱ्यांवरील दाव्यांची मुदत वाढवून सहा वर्षे, आणि नोंदणीकृत खतांसाठी बारा वर्षे केली. स्वतःची चूक सरकारला वीस वर्षांनी उमगली!

तो अंगठा आजही घेतला जातो. १८७२च्या करार कायद्यातील कलम २५ नुसार, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे लेखी व सहीनिशी दिलेले वचन हा वैध करार ठरतो. शब्द पाळू इच्छिणाऱ्या सज्जनासाठी ही तरतूद योग्यच आहे. परंतु वसुलीसाठी दारी आलेला माणूस ‘तडजोडीचा कागद’ म्हणून पुढे करतो त्यावर सही करताना, आपण मेलेला दावा जिवंत करीत आहोत, हे किती जणांना ठाऊक असते? सही घेण्यापूर्वी कर्ज मुदतबाह्य झाल्याचे ऋणकोला त्याच्या भाषेत लेखी कळविणे सक्तीचे करावे; तसे न केल्यास ते वचन निरर्थक मानावे. कलम २५मध्ये एवढी एक ओळ घालण्यास संसदेला फार वेळ लागू नये.