घोड्याच्या जठरातले आम्ल आणि रिकामी गव्हाण

माणसाच्या जठरव्रणामागे बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो, हे उलगडणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५चे नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर उसने घेता येत नाही. त्याच्या जठराच्या वरच्या भागातील व्रणांचे मूळ प्रामुख्याने दिनक्रमात आहे.

माणसाच्या जठरात आम्लाचा स्राव जेवणाच्या वेळी वाढतो. घोड्याच्या जठरात तो अहोरात्र चालू असतो. दिवसाचा बहुतांश वेळ चरणाऱ्या प्राण्याला ही रचना सोयीचीच आहे. चावताना सुटणारी लाळ आम्ल सौम्य करते आणि चाऱ्याचा थर त्याला खालीच अडवून धरतो. पण घोड्याची लाळ चावतानाच सुटते. चारा संपला की लाळ थांबते, आम्ल थांबत नाही. अशा वेळी घोडा दौडू लागला की पोटातील दाबाने जठर आवळले जाते आणि आम्ल वरच्या असंरक्षित अस्तरावर चढते. शर्यतीच्या सरावातील बहुसंख्य घोड्यांत व्रण आढळतात, त्यामागचे हे एक प्रमुख कारण होय.

एंडोस्कोपीने निदान आणि ओमेप्राझोलचा सुमारे चार आठवड्यांचा उपचार, ही आज रूढ पद्धत आहे. तथापि हे औषध स्वतःच आम्लात नष्ट होते. म्हणून माणसांच्या कॅप्सूलमधील दाणे कुटून घोड्याला देणे जवळजवळ व्यर्थ ठरते. शिवाय औषध थांबले आणि दिनक्रम तोच राहिला, तर व्रण परततात.

२०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ६.२ लाख घोडे व तट्टे होती. २०१९मध्ये ती ३.४ लाखांवर आली. टांग्याला, वरातीत किंवा केदारनाथच्या चढावर राबणाऱ्या जनावराला एंडोस्कोपी कोठून मिळणार? त्याच्यासाठी प्रतिबंध हाच खरा उपचार आहे. कामाआधी थोडा चारा, दोन चाऱ्यांत सहा तासांहून कमी अंतर, नुसत्या भुशाऐवजी चांगले गवत किंवा लसूणघास आणि एका वेळी मोजकेच धान्य, एवढ्याने बराच धोका टळतो.

ओझ्याच्या जनावरांकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यास १९६५च्या केंद्रीय नियमांनी मनाई केली आहे. त्या विश्रांतीत घोड्यापुढे चारा नसेल, तर पाठीवरचे ओझे उतरते. जठरातली जळजळ तशीच राहते. नियमाचे पालन घड्याळाबरोबर गव्हाण पाहूनही मोजले गेले पाहिजे.