गाडी ‘जोरदार’ करण्याआधी

मैत्रिणींनो, घरखर्चाच्या या सदरात किराणा, कापडचोपड, शाळेची फी यांवर आपण पुष्कळ बोललो. आज दारातल्या गाडीचा हिशेब मांडू या.

कराडच्या एका मैत्रिणीने विचारलंय, “आमची पाच-सहा वर्षांची पेट्रोलवरची स्विफ्ट आहे, खालच्या मॉडेलची. यजमान आणि धाकटे दीर म्हणतात, जरा जोरदार करून घेऊ. दणदणीत आवाजाचा सायलेन्सर, इंजिनाला वेगळा फिल्टर, रुंद टायर. २५,००० रुपये बाजूला काढलेत. माझं माहेर चिपळूणचं. पावसाळ्यात मुलांना घेऊन कुंभार्ली घाट मीच उतरवते. हो म्हणू की नाही?”

हो म्हणा हो! पुरुषमाणसाची हौस मोडायचं कारण नाही. फक्त यादी तुम्ही करा.

आधी सायलेन्सरचं बघू. भांडी आपटली म्हणून स्वयंपाक लवकर होत नाही. गाडीचा आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, इतकंच. लहान पेट्रोल इंजिनाला नुसता सायलेन्सर किंवा उघडा फिल्टर बदलून मिळणारी ताकद इतकी थोडी असते, की घाट चढताना जाणवणारसुद्धा नाही. शिवाय कायदा आडवा येतो तो वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९च्या जानेवारीत हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. वर विमा कंपनीने दावा नाकारला तर काय घ्या!

आता आपली यादी. सुरुवात फुकटातल्या कामांनी करा. डिकीतल्या जुन्या सतरंज्या, रद्दी, भरलेले कॅन बाहेर काढा. ओझं कमी झालं की गाडी आपोआप हलकी पळते. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर बहुतेक गाड्यांना एक पट्टी चिकटवलेली असते. कोणत्या चाकात किती हवा हवी, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी टायर थंड असताना, तेवढी हवा भरून घ्या.

मग थोडक्या पैशातलं. एअर फिल्टर धुळीने गच्च झाला असेल तर कंपनीचाच नवा घाला. प्लग आणि इंजिन ऑईल यांची मुदत गाडीबरोबरच्या पुस्तकात बघा. यात नवी ताकद मिळत नाही, पण हरवलेली परत मिळते. नव्या पदार्थाची सामग्री आणण्याआधी आपण चूल नीट पेटतेय ना ते बघतोच की.

खरा पैसा घालायचा तो टायरांत. गाडी रस्त्याला धरून असते ती चारच ठिकाणी, आणि प्रत्येक जागा जेमतेम तळहाताएवढी. नव्या गाड्यांना २०१९च्या एप्रिलपासून ‘एबीएस’ सक्तीचं झालं खरं, पण टायर गुळगुळीत असतील तर तेही बिचारं काय करणार? टायरच्या नक्षीच्या खाचांत आडव्या लहान पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्या पट्ट्यांशी सपाट झाली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली, की टायर बाद. पावसाळी घाटासाठी तर त्याच्या बऱ्याच आधी बदलावा. खरेदी करताना टायरच्या अंगावरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या २३व्या आठवड्यातला माल. दुकानदार जुना माल गळ्यात मारत असेल तर तिथेच कळतं. दोनच नवे परवडत असतील तर ते मागे बसवायला सांगा. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी गरकन फिरते.

रुंद टायरांचं काय? शाळेतलं गणित मांडू. खालच्या स्विफ्टचा टायर १६५/८० आर १४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ८० टक्के आणि आतली रिम १४ इंची. एकूण उंची होते सुमारे ६२० मिलिमीटर. वरच्या मॉडेलचा १८५/६५ आर १५ मांडला तर येते सुमारे ६२१. म्हणजे बाहेरून दोन्ही जवळजवळ सारखे, त्यामुळे स्पीडोमीटरही चुकत नाही. दिरांना रुंद टायरच हवे असतील तर याच्यापुढे जाऊ नये. मात्र रिमही बदलाव्या लागतील, तो खर्च पुढच्या वर्षी. यंदा मूळ मापाचेच चांगले टायर घ्या. चार टायर साधारण सोळा ते वीस हजारांत बसावेत. दोन दुकानांत भाव विचारा. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग त्याच वेळी उरकून घ्या.

उरलेले पैसे ब्रेकला. पॅड किती झिजलेत ते मेकॅनिकला चाक काढून दाखवायला सांगा. ब्रेक ऑईलकडे कुणाचंच लक्ष नसतं. पावसाळ्यात मीठ ओल धरतं, तसं हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं ‘डॉट ४’ तेल २३० अंशांच्या आत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र ते १५५ अंशांपर्यंतही उकळू शकतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ते तापतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं. आणि उतारावर गाडी खालच्या गियरमध्येच ठेवावी, म्हणजे निम्मं काम इंजिन करतं.

एवढं करून चार पैसे उरले तर यजमानांना स्टिअरिंगचं छानसं कव्हर घेऊ द्या. कायदाही मोडत नाही आणि हौसही भागते.

गाडी नावावर कुणाच्याही असो, मागच्या सीटवर मुलं आपली असतात. दणदणीत सायलेन्सर शेजाऱ्यांना ऐकू जाईल, चांगला टायर ओल्या वळणावर मुलांना सांभाळून नेईल. यजमानांपुढे ही यादी ठेवताना आधी भावांचा कागद ठेवा, मग बोला. आकड्यांपुढे सहसा कुणी वाद घालत नाही.